उपचार मोफत, मग वाटखर्च कोणी द्यायचा?

तहसील कचेरी असो, एसटी स्थानक असो की सरकारी दवाखाना. आज कोठेही गेले तरी एक फलक हमखास दिसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून जोतिबांच्या नावाने चालू आहे. दीड लाखाची मर्यादा २०२४ साली पाच लाख झाली आणि पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या कार्डालाही दार उघडले. जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. या योजनेमुळे आपल्या वस्त्यांतील लेकरे वाचली आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु त्या फलकावर जे लिहिलेले नाही, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. लेकरू मुंबईला पाठवले, रुग्णालयात दाखल झाले, योजनेत नाव बसले, औषध मोफत मिळाले. येथवर ठीक. पण सहा वर्षांचे लेकरू एकटे मुंबईला येत नाही. त्याच्याबरोबर आई येते, बाप येतो. त्यांच्या तिकिटाचे काय? रात्रीच्या निवाऱ्याचे काय? दोन वेळच्या भाकरीचे काय? आणि महिनोन्‌महिने बुडणाऱ्या मजुरीचे काय? या चार प्रश्नांना फलकावर उत्तर नाही. या चार प्रश्नांपायी उपचार अर्धवट सोडून लेकरू गावी परत नेले जाते. ही गोष्ट सरकारच्या हिशेबात कोठेही धरली जात नाही.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातील एक धम्मबांधव आमच्या कार्यालयात आले. नवराबायको दोघेही शेतमजूर. सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुढे आणि तेथून मुंबईला, असा प्रवास करीत ते परळच्या एका मोठ्या रुग्णालयात पोचले होते. मुलीचे नाव रेशनकार्डावर चढलेले नव्हते. उत्पन्नाचा दाखला जुना झाला होता. कागदासाठी बापाला गावी परत जावे लागले. तेथे साहेब रजेवर, मग सर्व्हर बंद, मग ‘उद्या या’. पाच दिवसांनी कागद हाती पडला. तेवढे दिवस आई वॉर्डात आणि तिच्यासाठी बाहेरून डबा आणणारे कोणी नाही.

वॉर्डात एकाच माणसाला राहता येते. मुलीजवळ आई राहिली, बाप बाहेर. महिनाभर तो पदपथावर झोपला. पावसाळा लागला तेव्हा उड्डाणपुलाखाली गेला. जवळच्या गल्लीत खोली विचारली तर दिवसाला सातशे रुपये भाडे सांगितले. दोघांची मिळून रोजची मजुरीसुद्धा तेवढी होत नव्हती. गावाकडे मुकादमाची उचल अंगावर होती. बारा वर्षांची थोरली मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ होती. घरचे पाणी-सरपण तिच्यावर पडले आणि तिची शाळा सुटत चालली होती.

आम्ही विचारले, ‘‘भाऊ, दवाखान्यात पैशाची काही अडचण आहे का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही साहेब. दवाखाना पैसे मागत नाही. मुंबई मागते.’’

पुढे त्यांनी जे सांगितले त्याने आम्ही हादरलो. पहिल्या महिन्याच्या औषधाने मुलीचा ताप गेला होता, ती हसू-खेळू लागली होती. ‘‘आता पोरगी बरी दिसते साहेब. पेरणीपुरते गावाकडे जाऊन येतो. दिवाळीनंतर परत आणतो.’’ बाप अडाणी होता म्हणून असे म्हणत नव्हता. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता. पण या रोगाचा हिशेब वेगळा असतो. मुलांच्या या रक्तकर्करोगात पहिल्या महिन्यात लेकरू बरे दिसू लागते आणि तोच धोक्याचा वळसा असतो. औषध तेथे थांबले तर रोग उलटतो आणि उलटलेला रोग पहिल्यासारखा आटोक्यात येत नाही. पूर्ण उपचाराला दोन ते अडीच वर्षे लागतात. त्यातले पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते. कारण औषधाने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर काही तासांत लेकरू डॉक्टरांच्या हाती असावे लागते. परभणीहून रात्रभराच्या रेल्वेने आणायला तेवढा वेळ नसतो.

म्हणजे मुंबईत राहणे ही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. औषध जितके आवश्यक, तितकीच औषधाजवळची जागा आवश्यक. आमचे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे: लेकराच्या उपचारासाठी आईबापाचा प्रवास, निवारा, भाकर आणि बुडालेली मजुरी ही दयेची बाब नसून उपचाराच्या हक्काचाच भाग मानली पाहिजे.

या ठिकाणी परळचा इतिहास आठवल्याशिवाय राहवत नाही. याच परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई राहत होते. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे त्यांना गमवावी लागली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलै महिन्यात. के. ई. एम. रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले होते. लहान मुलांचे वाडिया रुग्णालय सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. टाटा रुग्णालय १९४१ साली आले. म्हणजे ज्या परळमध्ये रमाईची कूस रिकामी झाली, त्याच परळमध्ये आज देशातील नामांकित रुग्णालये एकमेकांना लागून उभी आहेत. शंभर वर्षांत रुग्णालये आली, औषधे आली, योजना आल्या. पण गावकुसाबाहेरून आलेल्या आईबापाला त्या रुग्णालयांच्या भिंतीबाहेर पाठ टेकायला जागा आली नाही.

जागा नव्हती असेही नाही. २०२१ च्या मे महिन्यात म्हाडाने लालबाग-परळ भागातील शंभर सदनिका कर्करोग रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटा रुग्णालयाला दिल्या. किल्ल्या देण्याचा समारंभ झाला, छायाचित्रे छापून आली. जून महिन्यात तेथील रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती मुख्यमंत्र्यांच्या कानावर घातली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. टीका होताच बॉम्बे डाइंगच्या आवारात पर्यायी जागा देण्याचे जाहीर झाले. पर्याय निघाला याचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. परंतु मूळ हरकत काय होती याचा विचार आपण केला पाहिजे. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक आमच्या इमारतीत नकोत, ही ती हरकत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांना या भावनेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. विटाळ जातीचा असो की आजाराचा, त्याचे व्याकरण एकच असते.

आता कायद्याकडे वळू. आम्ही वकिलीच्या व्यवसायात आहोत, म्हणून भावनेच्या पुढे जाऊन कलम दाखवणे हे आमचे कर्तव्य आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे आणि अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात निकाल दिला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सांगून राज्याला घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही. तो निकाल तातडीच्या उपचारांपुरता होता हे मान्य. पण त्यातील तत्त्व तेवढ्यावर थांबत नाही. दार उघडे आहे, पण दारापर्यंत पोचता येत नाही आणि दाराशी थांबता येत नाही, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय?

फुले योजनेच्या पॅकेजमध्ये प्रवासखर्चाची एक तरतूद आहे. उपचार संपल्यावर रुग्णालयातून घरी जाण्यासाठी एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे. पण ते एकदाच आणि फक्त रुग्णापुरते. जेवणही आहे, तेही दाखल असलेल्या रुग्णापुरते. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकटा चालत आलेला, एकटाच परत जाणारा प्रौढ माणूस आहे. लेकरू त्याच्या डोळ्यांसमोर नाही.

सवलतींचेही तसेच. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला तसेही अर्धेच तिकीट असते. मुलाचा आजार म्हणून सवलत मिळाली तरी ती त्या अर्ध्या तिकिटावर. आईला २०२३ पासून महिला म्हणून अर्धे तिकीट लागते, हा दिलासा आहे. पण तो रुग्णाची आई म्हणून नव्हे. बापाला पुरे भाडे. रेल्वेने या बाबतीत थोडा शहाणपणा दाखवला आहे. कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान व तृतीय वातानुकूलित डब्यात शंभर टक्के आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे. २०२० साली करोनाच्या निमित्ताने ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, रुग्णांची मात्र चालू राहिली. ही सवलत रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातील दाखल्यावर मिळते. पदपथावर झोपणाऱ्या किती आईबापांना हे ठाऊक आहे? आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण तिकीट काढले होते किंवा जनरल डब्यात दाराशी बसून आले होते. आणि सिकलसेल, ज्या आजाराने विदर्भातील आपल्या बौद्ध आणि आदिवासी घरांना ग्रासले आहे, त्याला रेल्वेत पन्नासच टक्के. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाला मात्र पंचाहत्तर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिन्ही आजार एकाच यादीत आहेत. मग तिकीट खिडकीवर हा भेद का? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. अभियान झाले, तिकीट तेवढेच राहिले.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रवासखर्च, बुडीत मजुरी आणि सोबत्याचा खर्च राज्याने द्यावा, ही मागणी कोणाला अवाजवी वाटेल. ‘असे कोठे असते का?’ असे विचारले जाईल. आमचे उत्तर आहे: असते. आपल्याच कायद्यात आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ मधील नियम ११ काढून वाचा. अत्याचारपीडित व्यक्ती, तिच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणी येण्या-जाण्याचे रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे किंवा बसचे भाडे द्यावयाचे. त्या दिवसांचा निर्वाहखर्च किमान वेतनापेक्षा कमी नसावा. पीडित व्यक्ती स्त्री, अज्ञान मूल, साठ वर्षांवरील वृद्ध किंवा चाळीस टक्के दिव्यांग असेल, तर तिला आपल्या पसंतीचा सोबती नेता येतो आणि त्या सोबत्यालाही भाडे व निर्वाहखर्च मिळतो. पैसे लगेच, फार तर तीन दिवसांत द्यावयाचे. अंमलबजावणीत कचेऱ्या किती टाळाटाळ करतात हे आम्ही रोज पाहतो, तो वेगळा लढा आहे. पण तत्त्व कायद्यात लिहिलेले आहे. गरीब माणूस आपला हक्क मिळवायला घराबाहेर पडला की त्याची मजुरी बुडते, आणि लेकरू एकटे येऊ शकत नाही, या दोन साध्या गोष्टी कायद्याने ओळखल्या आहेत. न्यायालयाच्या दारी ओळखल्या, तर रुग्णालयाच्या दारी का ओळखायच्या नाहीत?

दुसरे उदाहरण आरोग्य खात्यातीलच आहे. आदिवासी भागात कुपोषित बालक पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले की आईच्या राहण्याजेवणाची सोय होते आणि तिला बुडीत मजुरी मिळते. ‘बुडीत मजुरी’ हा शब्द सरकारी कागदावर आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बालकाला आणि पुढे एक वर्षापर्यंतच्या बालकाला मोफत वाहन व मोफत उपचार आहेत. पण लेकराचा पहिला वाढदिवस झाला की ही वाट बंद. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. कोणाच्या हृदयाला छिद्र सापडते, त्याला मोठ्या शहरात शस्त्रक्रियेसाठी पाठवतात. शोधायला पथक दारात येते, आणि न्यायची वेळ आली की बापाने सावकाराच्या दारात जायचे, हा कोणता न्याय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, योजनेखाली किंवा बाल स्वास्थ्य पथकाच्या चिठ्ठीवर जिल्ह्याबाहेर पाठवलेल्या प्रत्येक मुलासोबत दोन पालकांचे जाण्यायेण्याचे भाडे मिळावे, आणि तेही प्रत्येक फेरीला. दोन, नियम ११ च्या धर्तीवर एका पालकाला उपचाराच्या दिवसांची किमान वेतनाइतकी बुडीत मजुरी मिळावी. तीन, मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांच्या परिसरात पालकनिवास बांधावेत. चार, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला मूळ तहसीलमधून रुग्णालयाच्याच खिडकीवर मागवता यावा. कागदासाठी बापाला पाचशे किलोमीटर पळवू नये. पाच, उपचारच घराजवळ न्यावेत. केंद्रीय अर्थसंकल्पाने २०२५-२६ मध्ये तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दैनिक उपचार केंद्रे काढण्याचे जाहीर केले आहे. त्यांत लहान मुलांसाठी शिकवलेल्या परिचारिका व डॉक्टर असले, तर दोन-अडीच वर्षांतील मोठा काळ लेकरू आपल्या जिल्ह्यातच औषध घेईल.

पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न येईलच. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली होती. त्या योजनेत अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेत, असे सरकारचे म्हणणे. भगिनींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा ज्या समाजासाठी राखून ठेवला आहे, त्या समाजाची लेकरे पदपथावरून उपचार घेत असतील तर पैसा नाही ही सबब आम्ही मान्य करणार नाही. न्यायालयाने ती १९९६ सालीच अमान्य केली आहे.

सरकारला सुनावून झाले. आता थोडे आपल्याकडे पाहू. कारण या बाबतीत चळवळ निर्दोष आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. तीन दिवस शिवाजी पार्कवर आपले कार्यकर्ते भोजनदान करतात, पाणी वाटतात, डॉक्टर तपासणी शिबिरे लावतात, हरवलेल्या मुलांना आईबापाकडे पोचवतात. जगाने पाहावी अशी ही व्यवस्था आपण स्वतःच्या बळावर उभी करतो. त्या शिवाजी पार्कपासून परळची रुग्णालये किती लांब आहेत? फार तर तासाभराची पायपीट. तीन दिवस लाखोंचे आतिथ्य करणारा समाज उरलेल्या ३६२ दिवसांत शंभर कुटुंबांचे आतिथ्य करू शकत नाही, असे कोण म्हणेल? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात एका कुटुंबाचे सहा महिन्यांचे भाडे निघते. हे आम्ही टोचून बोलण्यासाठी नव्हे, हिशेब म्हणून सांगतो.

संत गाडगेबाबांना हे कळले होते. १९१७ साली त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा बांधली. ती पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली. हातात खापर आणि झाडू घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाला सत्तर वर्षांपूर्वी जे दिसले, ते आमच्या शिकल्यासवरल्या पुढाऱ्यांना अजून दिसत नाही. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था मुंबईत व अन्य शहरांत कर्करुग्ण मुलांना आईबापासह मोफत ठेवते. टाटा रुग्णालयाच्या बालविभागाने निवास, अन्न आणि समुपदेशनाची जोड दिल्यावर उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात उतरले. म्हणजे उपाय ठाऊक आहे. तो पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही, एवढेच.

परभणीच्या त्या कुटुंबाचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. नायगाव-भोईवाडा भागातील एका विहार समितीने विहारावरची एक खोली रिकामी करून दिली. समितीत वाद झाला नाही असे नाही. ‘उद्या पोरीला काही झाले तर?’ असे एकाने विचारले. तेव्हा एक वृद्ध उपासिका उठल्या आणि त्यांनी तथागतांची गोष्ट सांगितली. आजारी पडलेल्या, स्वतःच्याच मळात लोळत असलेल्या एका भिक्खूजवळ कोणी जात नव्हते. भगवंतांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने त्याला न्हाऊ घातले आणि भिक्खुसंघाला सांगितले की एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करायची आहे. आजीबाई एवढेच बोलून खाली बसल्या. वाद संपला. बापाला समितीच्या ओळखीने जवळच एका गोदामात काम मिळाले. गावच्या कार्यकर्त्यांनी थोरल्या मुलीच्या मुख्याध्यापकांना भेटून तिची शाळा वाचवली. मुलीचे औषध आज चालू आहे आणि ती अभ्यासाची वही मागते. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगतील. पण औषध थांबले नाही, एवढे माणसांच्या हाती होते आणि ते माणसांनी केले.

यातून आमच्या लक्षात आलेल्या चार गोष्टी कार्यकर्त्यांनी टिपून ठेवाव्यात. पहिली, गावातून निघण्यापूर्वीच कागदांची पिशवी तयार करा. मुलाचे नाव असलेले रेशनकार्ड, जन्मदाखला, आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत्येकाच्या चार प्रती. दुसरी, रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधीक्षक यांना गाठा. रेल्वेचा सवलत दाखला मागून घ्या. योजनेची दाद लागत नसेल तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. खासगी धर्मादाय रुग्णालय असेल तर २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेही विसरू नका. तिसरी, विहारात खोली देताना गर्दीचे सभागृह देऊ नका. अशा लेकरांना संसर्गाचे भय असते. स्वच्छ खोली, वेगळे शौचालय, उकळलेले पाणी आणि एक शेगडी एवढे पुरे. चौथी, जयंतीचे रक्तदान शिबिर चांगलेच, पण प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. वर्षभर हाकेला धावतील अशा दात्यांची यादी प्रत्येक मंडळाकडे हवी.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले होते. ते धम्मकार्य कोणते, यावर आपण सभा घेतो, ठराव करतो. परळच्या पदपथावर त्याचे उत्तर बसलेले आहे. पण विसावा भाग देऊन सरकारला मोकळे सोडायचे नाही, हेही तितकेच खरे. विहाराची खोली ही आजच्या रात्रीपुरती आहे. उद्याचा पालकनिवास, वाटखर्च आणि बुडीत मजुरी ही राज्याकडून कलमाने, नियमाने, पावतीनिशी घ्यायची आहे. एका हाताने ताट वाढायचे आणि दुसऱ्या हाताने निवेदन लिहायचे.

शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीत एक आई आपल्या लेकराच्या उशाशी बसली होती. आज त्याच परळमध्ये, तिच्याच समाजाची एक आई, लेकराचे बोट धरून रस्त्याच्या कडेला बसली आहे. त्या वेळी आपल्या हाती संविधान नव्हते, संघटना नव्हती, शिकलेली पिढी नव्हती. आज सारे आहे. आता सबब सांगता येणार नाही, ना त्यांना, ना आपल्याला.

जय भीम!